साडूची गोळी

३ नोव्हेंबर
अनसिंगच्या साडूला, हरीओमला, अकोल्याच्या मनोविकार डॉक्टरने एडीएचडी सांगितलं. म्हणजे लहानपणापासून लक्ष एका जागी टिकत नाही. गोळी सुरू, शिवाय समुपदेशन. आजार निघाला, पण सासरी कौतुक असं की जसा तहसीलदारच झाला.

९ नोव्हेंबर
मंजुषा सकाळपासून सुरू. अनसिंगच्या भाऊजींनी हरभरा वेळेवर पेरला, भाऊजी आता काहीच विसरत नाहीत. नवरा मी आहे की तो? आमचं गोठ्याचं दार वर्षभरापासून अर्धंच रंगवलेलं आहे. म्हणजे लक्ष माझंही टिकत नाही. पण मला कोणी विचारलं? जळतो मी. वही माझी आहे, लिहायला काय हरकत.

११ नोव्हेंबर, सकाळी ६
हरीओमला दोन गोळ्या मागितल्या. म्हणाला, डॉक्टरनं तपासल्याबिगर कोणालेच देता येत नाई भाऊ. कद्रू.
ठरलं. गोळीविना त्याच्या पुढे जायचं. बाकी उपचार त्याच्या स्टेटसवर आहेतच: कामांची यादी, मोठ्या कामाचे तुकडे, वीस मिनिटांचा अलार्म, व्यायाम.

१२ नोव्हेंबर
त्याची यादी पाच कामांची. माझी एकतीस.

१५ नोव्हेंबर
तीन रंगांचे पेन आणून यादी फेअर केली. तेवढ्यात स्प्रिंकलरचे पाइप दुसरीकडे हलवायचे राहिले. हरभऱ्यात एकीकडे चिखल, एकीकडे भेगा. मंजुषाने विचारलं, काय करून राह्यले होते तुमी? उपचार, म्हटलं.

१९ नोव्हेंबर
अलार्म वाजला की हरीओमचं स्टेटस पाहतो. आज पाचही कामांवर टिक. डोकं इतकं तापलं की व्यायाम राहिला.

२४ नोव्हेंबर
मंजुषाच म्हणाली, चाला अकोल्याले, तुमालेबी तपासू. किती दिवसांनी प्रेमाने बोलली. हरीओमची गोळी बारीक आहे म्हणे. मला मोठी मिळेल.

२८ नोव्हेंबर
डॉक्टरने तासभर विचारलं. शाळेत कसे होते, घरी कसे. मंजुषाने सांगून टाकलं की पत्ते खेळायला बसले की चार तास उठत नाहीत, आणि भाऊजींची प्रत्येक गोष्ट तारखेसकट पाठ आहे. डॉक्टर म्हणाले, एडीएचडी नाही. मी म्हटलं, थोडासा तरी? नाही म्हणाले.
शेलूबाजारला बसमधून उतरल्याबरोबर मंजुषाने बहिणीला फोन लावला. म्हणाली, ह्यायले तं काईच नाई निघालं वं. आणि रडायला लागली.
मी म्हटलं, नवरा ठणठणीत निघाला तर रडतात का?
ती म्हणाली, मंग आता इलाज कायचा करू?