सूनबाईंचा क्यूआर

ती. आबा,

हे पत्र तुमच्या हातात पडणार नाही, म्हणून नमस्कारापाठोपाठ भांडणच करते.

माझ्या बिटकॉइन वॉलेटचा क्यूआर तुम्ही कौतुकानं भावकीच्या ग्रुपवर टाकलात. "दुकानदार न्हाई का लावत? त्यानं काय जातंय?" म्हणालात. आबा, त्या क्यूआरमध्ये वॉलेटचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर आलेलं-गेलेलं कुणालाही दिसतं. तेव्हापासून माझ्या डिझाइनचं बिल जमा झालं, की माझ्याआधी जावांना कळतं.

म्हणून मी गुपचूप नवा पत्ता काढला. हे वारल्यापासून मला दौंडला वेगळी खोली घेऊन राहायचं होतं, त्यासाठी त्यात पैसे साठवत होते. पण जुन्यावर काही येईना, तसे तुम्ही म्हणालात, "काम बंद पडलं न्हवं? मग लॅपटॉप इकून टाक आन् गोठ्याकडं बघ." घाबरून मी नव्यातलं थोडं जुन्यावर पाठवलं. पाठवणारा पत्ता आणि त्यातली शिल्लकही दिसते, हे घाईत सुचलंच नाही.

आज जेवताना विश्वजीतभावजींनी मोबाईल पुढं केला. "वहिनी, हा दुसरा पत्ता कुणाचा?"

तुम्ही हसलात. "व्हय? मग त्याचाबी क्यूआर दे की, ग्रुपवर टाकतो."

मी तुम्हाला भाकरी वाढली.

घरातच असलेली,
सायली