रक्तातून गेलेल्या पेशी

प्रिय इलेआना,

तुझे पत्र मिळाले. प्रयोगशाळेतील नोकरी सोडून माँटेव्हिडिओहून गोठ्यावर परतावे, असे तुझ्या मनात आहे. विषय गंभीर असल्याने उत्तर विचारपूर्वक देत आहे.

आईच्या आजारपणाआधीचा हिवाळा तुला आठवत असेल. शेजारच्या गोठ्यांत श्वासाचा विषाणूजन्य रोग पसरला होता आणि इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाच्या चाचणीसाठी तू तिच्याकडे वासरे मागितलीस. टोचल्यावर त्यांना ताप चढला, खाणे सुटले, रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. तो अहवाल तू काहीही न लपवता गोठ्यातच वाचून दाखवलास. भोपळ्याच्या तुंब्यातील कडू चहा नळीने ओढीत शेजारच्या एउसेबिओने टोमणा मारला, की वासरांचे शिपाईच मारायची विद्या पोरगी शहरातून चांगली शिकून आली आहे.

"मेल्या नाहीत, काका," तू शांतपणे म्हणालीस. "इंटरफेरॉन हाक देतं. ती ऐकून पेशी रक्त सोडून लसिकागाठींत गेल्यात. लढायची तयारी तिथं होते. येतील परत."

तो आईकडे वळला. चाचणी थांबवण्याचा हक्क तिचा होता.

"वासरं माझी," ती म्हणाली, "आणि पोरगीही माझीच. चालू दे."

पेशी परतल्या. रोग आपल्या गोठ्यात शिरला तेव्हा टोचलेली बहुतेक वासरे तग धरून राहिली. न टोचलेल्यांपैकी दोन आपण गमावली. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, असे तू बजावलेस. आईने मात्र दुधाच्या गाडीच्या चालकालाही ती हकिगत सांगितली. गेल्या महिन्यात तुझा शोधनिबंध आला. आभारांत तिचे नाव पाहून मी तो तिच्या थडग्यापाशी मोठ्याने वाचला, तळटीपांसह.

घर रिकामे आहे, हे मी नाकारीत नाही. चहाचा तुंबा आता मी भरतो. एउसेबिओ रोज सकाळी येतो, "मास्तर, पाणी परत उकळवलंत. चहा जाळलात," म्हणतो आणि तुंबा पुन्हा पुढे करतो. त्याची सून धारा काढायला तयार आहे. गाईंची व्यवस्था झाली.

म्हणून लिहितो, की येऊ नकोस. या घरात तू दिसत नाहीस, याचा अर्थ तू हरवलीस असा मी घेत नाही. तुझे काम जिथे आहे, तिथेच राहा. वसंतात नवी वासरे होतील. चाचणीसाठी हवी असल्यास रीतसर मागणी कर. परवानगीचा हक्क आता माझ्याकडे आला आहे. शब्द मी आईचेच वापरीन.

तुझाच,
बाबा