हळू बोलायचं दुकान

ताई,
पाया पडतो, गुडघे कुरकुरतात, म्हणून इथूनच.

मी ठणठणीत आहे. गिरणीच्या जागी काचेची इमारत झाली. तिच्या खालीच असलेल्या माझ्या चहाच्या दुकानात आमचे जुने विणकर अजून येतात. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, ते ओरडूनच बोलणार! परवा वरच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "काका, हळू बोला, नाहीतर दुकान बंद करायला लावू."

तेव्हापासून आम्ही, गिरणीत ओरडूनही ऐकू येईना की करायचो तसे, नुसते ओठ हलवून बोलतो. बाई खूश.

पण मागावरच्या माझ्या जोडीदाराला हल्ली दिसत नाही. काल तो घाबरून म्हणाला, "सगळे उठून गेले का रे?" आम्ही चौघं समोरच होतो.

मी ओरडलो, "इथंच आहोत, बाबा!"

वरची खिडकी उघडली.

तुझे डोळे कसे आहेत? उत्तर खोलीच्या पत्त्यावर पाठव, दुकानाचं काही सांगता येत नाही.

तुझा दमलेला धाकटा