पुढचं वाक्य

न्युरेम्बर्ग
२३ सप्टेंबर २०१८

चि. हृषीस,

अ. उ. आ. रीत म्हणून लिहिलेत, या खेपेला मनातून आलेले नाहीत.

ताई फोन का उचलत नाही, अशी तू जयंतकडे चौकशी केलीस म्हणे. नाही उचलणार. दर रविवारी भावाशी बोलतेय या भ्रमात मी स्वयंपाकघरात स्पीकर लावून मन मोकळं करायचे आणि तिकडे मेलबर्नला तू रेकॉर्डिंग सुरू करून बसलेला असायचास. यापुढे जे काय बोलायचं ते कागदावर. कागदाला तुझं ते लाल बटण नसतं.

तुझा पॉडकास्ट तुझ्या भाचीइतका मन लावून कुणी ऐकत नसेल. तुमचा पंतप्रधान बदलला ही बातमी गेल्या महिन्यात आम्हाला जेवताना सुकन्यानेच दिली, अर्थात जर्मनमध्ये. पंधरा वर्षांची पोर, बव्हेरियाचं सरकार कुणाचं ते तिला सांगता येणार नाही, पण ऑस्ट्रेलियाचं सिनेट तोंडपाठ. का, तर मामा सांगतो.

त्याच पोरीने दोन आठवड्यांपूर्वी फिजिओहून येताना यू-बान मेट्रोत तुझा नवा भाग लावला. मूल अपंग असलं की सरकारी खर्च नको म्हणून अख्ख्या कुटुंबाला कायमचा व्हिसा नाकारतात, त्या नियमावरचा. त्यात एक आई बोलते. नाव बदललंस, गाव बदललंस, केवढे उपकार! पण सुरुवातीला माझाच आवाज, माझंच मराठी, आणि त्यावर कुणा बाईचं गुळगुळीत इंग्रजी, की ती नसती तर आज आम्ही आमच्या घरात असतो. स्वतःच्या आईचा आवाज पोरीला ओळखू येणार नाही होय रे?

जयंतला जर्मनीत जास्त चांगली नोकरी मिळाली म्हणून ॲडलेड सोडलं, एवढंच आम्ही तिला सांगितलेलं. इतकी वर्षं सांभाळलेलं तू चव्हाट्यावर मांडलंस. त्या दिवसापासून ती फिजिओला जात नाही. शाळेतून येते, वॉकर भिंतीला लावते आणि खोलीत पडून राहते. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच चाललं तर पाय आखडतील आणि मग वॉकरही सुटेल. माझ्याशी बोलणं म्हणजे जर्मनमधलं जा आणि नाइन, हो की नाही एवढंच.

त्यापुढे मी काय म्हणाले होते ते कुठे गेलं? ती नसती तर ते घर काय जाळायचं होतं, असं म्हणाले होते मी. नेमकं तेवढंच कापलंस! तो अख्खा कॉल पाठव. पोरीला पुढचं वाक्य ऐकवायचंय. आणि तो भाग काढून टाक.

लोभाचं नंतर बघू.

तुझी ताई
ऊर्मिला


मेलबर्न
८ ऑक्टोबर २०१८

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी तो भाग पुन्हा लावून ऐकला. सुकूला दुखवावं असं माझ्या मनात तरी येईल का?

पण ताई, सगळं माझ्याच माथी मारू नकोस. सांग तुझ्या लोकांना, कळू दे त्यांना, असं तूच त्या दिवशी तावातावाने म्हणाली होतीस. मी ते खरं धरलं. तुला पुन्हा विचारायला हवं होतं, हे मान्य. आमच्याकडे परभाषेतलं बोलणं असलं की मूळ आवाज क्षणभर ठेवायचा आणि त्यावर इंग्रजी चढवायचं, अशी पद्धत आहे. माणूस खरा वाटतो त्याने. मराठी कळणारं इथे आहे कोण, असा विचार केला. सुकू ऐकते हे ठाऊक होतं, पण तिला तरी मराठी कुठे येतं? मी मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, हे तर वर्षानुवर्षं चाललंय. आवाजाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाग मात्र आता काढता येणार नाही. पर्थमध्ये एक केरळी कुटुंब आहे. मुलाला ऐकू येत नाही, म्हणून त्यांना देश सोडायला सांगितलंय. तुझा आवाज ऐकून हजारो लोकांनी त्यांच्या अर्जावर सह्या केल्या. दोन खासदारांची माणसं माझ्याशी बोलली. तुमच्या वेळी असं कुणी उभं राहिलं असतं तर? जयंतरावांना विचार.

कॉल जुन्या डिस्कवर असेल. शोधतो.

राग ओसरला की आधीसारखाच लोभ ठेव.

तुझा
हृषी


न्युरेम्बर्ग
२१ ऑक्टोबर २०१८

चि. हृषीस,

अ. उ. आ.

शोधतो काय! लोकांचे जुने शब्द उकरून काढायचाच धंदा ना तुझा? कुठला खासदार कधी काय म्हणाला ते तुला बरोबर सापडतं, आणि बहिणीचं एक वाक्य सापडत नाही?

त्या पर्थच्या लेकराचं भलं होवो. माझा त्याच्यावर काय राग असणार? पण त्याला ठेवून घ्यायला माझ्या पोरीची आहुती कशाला? घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! इथे मी तिच्या शाळेतल्या मदतनीस बाईसाठी दर वर्षी आम्टाचे, त्या सरकारी कचेरीचे, उंबरे झिजवते, शनिवारी तिला पोहायला नेते, आणि तिच्या कानात काय राहिलं, तर आईला मी नको होते.

मी म्हणाले होते रे. देवाशप्पथ म्हणाले होते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते, हेसुद्धा आठवतंय. तिला नुसतं सांगून भागणार नाही. आता आई सारवासारव करतेय असंच तिला वाटेल. तेव्हाचं, तेव्हाच्या आवाजातलं हवंय.

पत्राचं उत्तर नको, कॉल हवा.

ताई


मेलबर्न
४ नोव्हेंबर २०१८

ती. स्व. ताईस,

सा. न. वि. वि.

कॉल सापडला. तू पत्र मागितलं नव्हतंस, तरी आधी लिहितोय. नुसती फाइल पाठवायला मन धजेना.

ताई, पुढे काही नाही. ती नसती तर आज आम्ही आमच्या घरात असतो, एवढं म्हणून तू थांबलीस. बराच वेळ थांबलीस. मागे नळ चालू होता. मग, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं, असं विचारलंस. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. पुढच्या मागच्या रविवारचे कॉलही ऐकले. मी कापली ती फक्त शांतता.

तुझ्या मनात ते वाक्य होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मनात म्हटलेलं कधी कधी बोलल्यासारखं वाटतं. म्हणून एक सुचवतो. त्याच ओट्यापाशी उभी राहून ते वाक्य फोनवर रेकॉर्ड कर आणि मला पाठव. मी त्या जागी जोडून देतो. मागे नळाचा आवाजही येईल. सुकूला काय, कुणालाच कळणार नाही. माझं रोजचंच काम आहे ते.

हे खोटं आहे असं मानू नकोस. राहून गेलेलं जागेवर बसवतोय, एवढंच.

लोभ कमी झाला असेल तर तो भरून काढायची ही संधी दे.

तुझा
हृषी


न्युरेम्बर्ग
२५ नोव्हेंबर २०१८

ती. स्व. हृषीमामास,

सा. न. वि. वि.

हे वरचं तुझ्या पत्रातून उतरवलं. आल्झो, म्हणजे असं की, मला मराठी वाचता येतं. हळू येतं. पुण्याच्या आजोबांनी स्काइपवर शिकवलं होतं. मी बोलले की शब्द चुकतात आणि सगळे हसतात. म्हणून मी जर्मनमध्ये उत्तर देते. त्यावरून तुम्ही ठरवलं की मला कळत नाही.

आई तुझी पत्रं टेबलावर उघडीच ठेवते. रविवारी स्पीकरवर तुम्ही बोलायचा तेव्हा मी शेजारच्या खोलीत असायचे. ॲडलेड का सोडलं ते मला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या पॉडकास्टमध्ये माझ्यासाठी नवीन काही नव्हतं. फक्त ते आता सगळ्यांना माहीत झालं, म्हणून मला वाटलं की आई आता खोलीत येईल आणि माझ्याशी बोलेल. फिजिओला गेले असते तर तिला वाटलं असतं की सगळं ठीक आहे. म्हणून गेले नाही. वाट बघितली.

काल आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला. मग ते वाक्य म्हटलं. मग परत म्हटलं. एकदा रडू आलं म्हणून परत. एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून परत. शेवटचं छान झालं. ते तुला मिळालं असेल.

ते जोडू नकोस, मामा. भाग काढूही नकोस. पर्थचा मुलगा तिथे राहिला तर मला आवडेल. सोमवारपासून मी फिजिओला जाणार आहे, कारण माझे पाय माझे आहेत.

आईने ते वाक्य फोनला इतक्या वेळा सांगितलं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं.

इथे शेवटी तुम्ही लोभ मागता. मी मागत नाही.

सुकन्या