छातीचं मांस कुठलं?

होहोत शहर

दादा, आधी नमस्कार, मग भांडण.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

सासरी गेलेल्या लेकीला मेंढराच्या छातीचं मांस पाठवायचं, ही आपली रीत. तू पाठवलेलं मी मिरवत प्रयोगशाळेत नेलं, "हे अस्सल आमच्या कुरणातलं!" आमचं यंत्र मांसावर प्रकाश टाकून जनावर कुठं वाढलं ते सांगतं. ते म्हणालं, लांबच्या कुठल्या तरी गोठ्यात, मक्यावर. मी यंत्रालाच शिव्या घातल्या. साहेब हसले, "बाई, यंत्राला भाऊ नसतो."

बाजारातून आणलंस आणि वर लिहिलंस, "आपल्या रानकांद्यावर पोसलंय"? माझ्याशीही खोटं, दादा?

यंदा मांस पाठवू नकोस. एवढंच कळव, आपला कळप आहे ना अजून?

अजून तरी तुझीच,
सोलोंगो