भेज्यातला हिरवा उजेड

५ जानेवारी, सोमवार
आजपासून संशोधन. मेंदूतून प्रकाश किती आरपार जातो, किती विखुरतो, हे मोजायचं. परदेशात यासाठी खोलीएवढी यंत्रं असतात. माझ्याकडे कॉलेजच्या लॅबमधले दोन लेझर आणि मोबाईलचा कॅमेरा. जिंतुरात बसूनही होतं, हे दाखवून देतो. बोकडाचा भेजा आणला. खाटकाने विचारलं, पाव्हणे आले का? नुसता हसलो.

राजेश्री दिवाळीपासून पुण्याला लेकीकडे, अर्पिताकडे. बरंच झालं. संशोधकाला एकांत लागतो.

७ जानेवारी
काप निघत नाही. ब्लेड लावलं की भेजा दह्यासारखा बसतो. फ्रीझरमध्ये कडक केला, मग जमलं. लाल उजेड बऱ्यापैकी आरपार, निळा अडतो. पुस्तकातही हेच आहे. पुस्तक बरोबर आहे.

राजेश्रीला आपण होऊन फोन करायचा नाही. लेकीकडेच राहू म्हणाली होती, तुम्हीही चला. मी म्हणालो, काम आहे. आता काम आहेच.

११ जानेवारी, रविवार
दोन दिवस पेपर तपासायला परभणीला होतो. आल्या आल्या निळा लेझर मारला. काप हिरवा चमकला! काप जरा पिवळसर दिसतो, शिळा झाला म्हणून असेल. हे जगात कुणी पाहिलेलं नाही. निदान मला कळवलेलं नाही. नाव ठेवलं: राजेश्री परिणाम.

फोन केला. (निश्चय संशोधनापुरता शिथिल.) परिणामाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "माझं नाव? खरंच?" सांगितलं, पुण्यात परिषदेत पेपर वाचणार, मग तुला घेऊनच येणार.

१३ जानेवारी, भोगी
घरमालकीण सरजाबाई भोगीची भाजी, भाकरी घेऊन आल्या. घराची चावी त्यांच्याकडे असते. सहज म्हणाल्या, "सर, शनिवारी दिवसभर लाईट नव्हती. तुमचा भेजा पार पाघळला होता. खराब होईल म्हणून हळद-मीठ लावून ठेवलं. एकट्या माणसाचं कोण बघायलंय?"

आभार मानले. त्या गेल्यावर काप धुऊन पाहिला. चमक गेली. धुतलेल्या पाण्यावर लेझर मारला. हळदीचं पिवळं पाणी हिरवं चमकलं.

१६ जानेवारी
राजेश्रीचा फोन. माझ्या नावाचं ते कुठवर आलं, विचारत होती. चालू आहे म्हणालो. शेजारच्या बायकांनाही सांगितलंय म्हणे. मग म्हणाली, "पेपर राहू द्या. नुसतं या ना."

काम आहे म्हणालो. फोन ठेवला.

काम काही नाही. लेझर कालच लॅबला परत केले. फार एकटं वाटतं.