आबासाहेबांचा देह

३ फेब्रुवारी, सोमवार

निवड झाली! 'बिनविरोध' मालिकेत आमदार आबासाहेबांच्या भूमिकेत मी, भारत मायाप्पा मेटकरी.

तपशील: मूळ नटाचं चॅनेलशी वाजलं, तो मालिका सोडून गेला. आता आबासाहेबांना मारायचं ठरलंय. म्हणजे मरेपर्यंतचे आबासाहेब त्याचे, पुढचे माझे. ज्या माणसावर घराघरातले प्रेक्षक जीव टाकतात, त्याचा शेवट माझ्यावर सोपवलाय. कोऑर्डिनेटर प्रभु यांनी फोनवर विचारलं, तासभर न हलता पडून राहता येईल का. मी म्हणालो, अभिनय रक्तात आहे. ते म्हणाले, अभिनय नको, फक्त पडा. मोठी माणसं मोजकंच बोलतात.

सोनालीला सांगितलं. ती साडीला फॉल लावत होती. मान वर न करता म्हणाली, मग नवीन काय त्यात, दर रविवारी तेच करताय की. बायकोशी कलेवर बोलणं आजपासून बंद.

संकल्प: भजी बंद. पोट आत. शूटिंग परवा आहे, तेवढा वेळ पुरे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून गादीवर आडवा होऊन तालीम केली. डोळे मिटले, श्वास रोखला. भूमिकेत असा शिरलो की लग्नाच्या बस्त्याला आलेलं अख्खं कुटुंब दारातूनच परत फिरलं. त्याला मी काय करणार? संगप्पाशेठ म्हणाले, भारत, ऊठ, ती गादी साड्या दाखवायची हाय. शेजारच्या काउंटरवरचा गुरप्पा फिदीफिदी हसला. हा माणूस जन्मभर नव्या पेठेत साड्यांच्या घड्या घालत बसणार. मला त्याची कीव येते.

संध्याकाळी भजी खाल्ली. शेवटची.

५ फेब्रुवारी, बुधवार

शूटिंग झालं. उजनीच्या पाण्याकाठी, केळीच्या बागेला लागून. मला धोतर नेसवलं, तिरडीवर निजवलं, हार घातले. युनिटमधल्या एकाकडून फोटो काढून घेतला. मग तोंडावर फुलं टाकायला लागले. टाकतच राहिले. मी आतून विचारलं, चेहरा दिसणार नाही का. डायरेक्टर म्हणाले, दिसला तर कळेल ना. बरोबर आहे. चेहऱ्याची मदत न घेता अभिनय करायचा होता. हे सगळ्यांना झेपत नाही.

सेटवर मिसळ होती. दोनदा घेतली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

शेवटच्या शॉटला पायाच्या अंगठ्यावर मुंगळा चढला. मी अंगठ्याने त्याला जागच्या जागी समज दिली, बाकी देह निश्चल. ऊन उतरत होतं. डायरेक्टर म्हणाले, चालतंय, आवरा आता. एका टेकमध्ये ओके! निघताना प्रभु म्हणाले, परत लागलं तर कळवू. लागणारच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नोकरी सोडली. ऐन लग्नसराईत.

शेठना भर गर्दीत सांगितलं की या काउंटरने माझ्यातला कलावंत इतकी वर्षं दाबून ठेवला. गिऱ्हाइकांसमोर बोललं की परिणाम होतो. हेही सांगितलं की तुमच्या साड्यांचा रंग जातो, आजवर मी ते पोटात ठेवलं. शेठनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, आय्तु, जा. आय्तु म्हणजे झालं; अस्वस्थ झाले की त्यांच्या तोंडून कानडी येतं. बहुतेक गळा दाटला असावा.

गुरप्पाला म्हणालो, माझी जागा तुला भीक म्हणून देतोय. त्याने थँक्यू म्हटलं. स्वाभिमान म्हणून काही नाहीच.

सोनाली याच दुकानाच्या फॉल-पिकोचं काम घेते. तिचा पहिला प्रश्न, आता माझं काम ठेवतील का ते. घरात इतिहास घडतोय आणि हिला फॉलची पडलीय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुंबईहून फोन नाही. एपिसोड लागल्याशिवाय करणार तरी कसे? सहीचा सराव केला. 'मेटकरी'तला म अजून बसत नाही.

प्रियंकाला सांगितलं, कॉलेजात कुणी वडिलांबद्दल विचारलं तर फार मिरवू नकोस. पोरगी म्हणाली, मी तुमचं नावच सांगणार नाही. नम्रपणा माझ्याकडून आलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सात रस्त्याच्या चौकात फ्लेक्स लावला. मजकूर माझा स्वतःचा. फोटो तिरडीवरचा, फुलं टाकायच्या आधीचा. डोळे मिटलेले, गळ्यात हार. खाली: 'आपल्या सर्वांचे लाडके भारत मायाप्पा मेटकरी. रविवारी सायंकाळी सात वाजता. सर्वांनी आवर्जून उपस्थित राहावे.' मालिकेचं नाव मुद्दाम टाकलं नाही. सस्पेन्स. दोन्ही बाजूंच्या समया फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने टाकल्या. छान दिसतात.

लोक थांबून बघत होते. एका रिक्षावाल्याने फ्लेक्सला हात जोडले. मी समोरच उभा होतो, मीही हात जोडले. तो असा काही दचकला की रिक्षा डिव्हायडरला घासली. याला म्हणतात क्रेझ.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी

गावाकडून टेम्पो आला. पुढे आई, मागे सगळी भावकी. सांगोल्याकडचं आमचं गाव. मेंढरं तेवढी मागे ठेवून आली होती. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो गावात पाठवला होता. आई कोपऱ्यापासूनच आक्रोश करत येत होती, माजं लेकरू गेलं वो, मातीला तरी थांबा. मी गॅलरीत चहा पीत होतो. वरूनच हाक मारली, आई, ये की वर. दोन बायका रस्त्यातच मटकन बसल्या.

आई वर आली. आधी माझा हात चाचपून बघितला. मग कानाखाली ठेवून दिली, अख्ख्या कॉलनीसमोर. म्हणाली, मेलास म्हून उपाशी रडत आले, आन् तू हितं च्या पितोय व्हय रं. भावनेच्या भरात प्रेक्षक कलाकारावर हात टाकतात हे ऐकून होतो. अनुभव पहिलाच.

भावकी हलायला तयार नाही. आलोच हाय तर काय हाय ते बघूनच जातो, म्हणाली. सोनाली भाकरी थापतेय. माझ्याकडे बघून थापतेय.

दुपारी

गुरप्पा भेटला. तोही दचकला. आमच्या दुकानाची रीत आहे, जुना माणूस गेला की अर्धा दिवस शटर खाली. मी विचारलं, मग घेतलं का खाली. म्हणाला, न्हाय. शेठ म्हणले, बरं झालं, राजीनामा दिऊन मेला. गर्दी लई होती, बस्ता चालू होता.

माणसं ओळखायला एकदा मरून बघावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एपिसोड झाला.

आबासाहेब फोनवरच मेले. म्हणजे कुणीतरी फोन घेतला, 'काय!' म्हणालं आणि मेले. मग जाहिराती. मग मी. कॅमेरा थेट माझ्या पोटावर. मुख्यमंत्री श्रद्धांजली वाहतायत, पोट वर. आबासाहेबांची बायको हंबरडा फोडतेय, पोट खाली. विरोधी पक्षनेता दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला, तेवढ्यात पोट कितीतरी वेळा वर-खाली. शेवटी अंगठा हलला आणि संपलं. एवढा स्क्रीन टाइम हिरोलाही नव्हता.

चुलतभाऊ म्हणाला, आबासाहेब लांबडा गडी, ह्यो आखूड कसा काय झाला? आई म्हणाली, तुजं त्वांड कुटंय? मी फुलांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. आईने आधी ढीग बघितला, मग मला. म्हणाली, ह्याच्यासाठी टेंपो केला व्हय आमी. भावकी एक शब्द न बोलता टेम्पोत जाऊन बसली. निःशब्द करणं हेच कलेचं काम.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रियंकाने कॉमेंट वाचून दाखवल्या. इतक्या आनंदाने ती अभ्यासाचं कधी वाचत नाही.

'वर्षभर बघितलेल्या मालिकेची एका भागात माती केली.' 'आबासाहेब मेल्यावर हातभर आखडले आणि वीतभर फुगले.' 'मेल्यावर एवढी धाप लागलेला माणूस पहिल्यांदा बघितला.' 'अग्नी नंतर द्या, आधी सोडा पाजा.' 'या मढ्याला घरी कुणी जेवायला घालू नका.' 'अंगठ्याला पुरस्कार द्या.'

एक, स्क्रिप्ट कमकुवत होती, हे सगळ्यांचं मत. माझंही. दोन, पुरस्काराची भाषा सुरू झालीय. नायकाबद्दल, खलनायकाबद्दल अवाक्षर नाही, सगळी चर्चा माझी. पोटाचा तुकडा कापून कुणीतरी ढोलकीवर लावलाय, पोट तालात हलतं. पाण्याच्या टँकरपाशी शेजारचा शिवयोगी भेटला. मला बघून तिथेच जमिनीवर आडवा झाला आणि पोट उडवायला लागला. बायका हसून हसून बेजार. चांगला कलाकार असल्याशिवाय नक्कल होत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रभु फोन उचलत नव्हते. आज सोनालीच्या फोनवरून केला, उचलला. म्हणाले, तुमच्यामुळे माझं काम गेलं, पुन्हा फोन केलात तर घरी येऊन मारेन. मी धीर दिला. म्हटलं, या लाइनमध्ये चढउतार असायचेच. त्यांनी आईवरून शिवी दिली. फोन ठेवल्यावर सोनालीने विचारलं, मिळालं का काम? मी म्हणालो, बोलणी चालू आहेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सोनालीचं फॉलचं काम शेठनी निम्मं केलं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, उद्या दुकानात जा आणि शेठचे पाय धरा, न्हाईतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. बायकांना मोठा पल्ला दिसत नाही.

जाईन. पाय वगैरे नाही. तात्पुरतं, मुंबईचा फोन येईपर्यंत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. काउंटरवर गुरप्पा. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून विचारलं, हे तेच का? गुरप्पा म्हणाला, व्हय, अजून गरम हाय.

शेठ म्हणाले, काउंटर विसर. गोडाऊनला गठ्ठे उचलायला माणूस लागतोय. पण ऐन सीझनला लाथ मारून गेलेला तू. तुझ्यासाठी शब्द देणारा कुणीतरी आण. ओळखीच्या माणसाने समोर उभं राहून शब्द दिल्याशिवाय या दुकानात कुणालाच घेत नाहीत. मला घेतलं तेव्हा वडिलांनी, आमच्या अण्णांनी दिला होता. ते आता नाहीत.

शब्द काय, दहा जण देतील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शिवयोगी म्हणाला, तुझ्यासाठी? आणि पुन्हा आडवा झाला. चुलतभावाने फोनवर टेम्पोच्या भाड्याचा विषय काढला. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, बघू, म्हणजे नाही. शेवटी सोनालीला म्हणालो, तूच दे, तुझी शेठशी ओळख आहे. ती म्हणाली, तुमच्यासाठी शब्द दिला तर उरलेलं निम्मंपण जाईल माझं.

उद्या कुणीतरी सापडेल.

२ मार्च, रविवार

लोकांनी चॅनेलला इतक्या शिव्या घातल्या की मूळ नटाला परत आणावं लागलं. आज आबासाहेब जिवंत झाले. जीपमधून उतरले, गॉगल काढला. खालच्या मजल्यावर शिट्ट्या वाजल्या.

मग कार्यकर्त्याने विचारलं, साहेब, मग जळाला तो कोण? मी पुढे सरकून बसलो. आबासाहेब म्हणाले, कुणी नव्हता रे. बेवारस पडला होता. त्याला विचारायला कुणी आलं नाही, म्हणून आपण वापरला.

कार्यकर्ते हसले. प्रियंका हसली. सोनालीही हसली, कितीतरी दिवसांनी. मोबाइलवर नुसता पाऊस: 'आत्तापर्यंतचा बेस्ट एपिसोड', 'बेवारस, एक नंबर डायलॉग'. मी लिहिलं, आजचा भाग निराशाजनक होता. एकच उत्तर आलं. काका, तुम्ही कोण?

वाईट वाटलं. साधंसुधं नाही, लई वाईट वाटलं. हसणाऱ्यांत घरातली दोन माणसं होती.

मग गावाहून आईचा फोन. म्हणाली, कोन म्हनला रं त्यो बेवारस? मी म्हणालो, आई, ती मालिका आहे. ती म्हणाली, आसू दे. सकाळच्या गाडीनं येते.

३ मार्च, सोमवार

सोनालीने आईला सगळं सांगितलं. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. मला म्हणाली, चल. मी म्हणालो, मी जाईन माझा माझा. तिने मनगट धरलं. भर नव्या पेठेतून, मनगट धरून. माझं वय सेहेचाळीस.

शेठ गल्ल्यावर होते. गुरप्पा बस्ता दाखवत होता, नवरीकडची बरीच माणसं होती. आई चपला काढून आत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, शेठ, ह्यो माजा हाय. मी शबूद देते. अक्कल न्हाय त्याला, पर अंगात ताकद हाय. उचल म्हनलं की उचलंल.

मला दोन शब्द बोलायचे होते. तोंड उघडलं. आई म्हणाली, गप.

शेठनी माझ्याकडे बघितलंच नाही. आईला विचारलं, कधीपासून पाठवता याला?

आई म्हणाली, आत्ताच ठिवून घ्या की.